शीव आधी चालायची, मग लिहायची

सामूहिक वनसंसाधनाचा दावा म्हणजे गावाच्या परंपरागत जंगलाच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क मागणं. हा दावा म्हणजे नुसता 'नमुना क' हा अर्ज भरणं, असं समजून काम सुरू केलं की पहिल्याच महिन्यात गाडी अडते. नमुना क एवढासा आहे. गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, ग्रामसभेच्या सदस्यांची नावं, माहीत असतील तर कंपार्टमेंट (वनखात्याने पाडलेले जंगलाचे तुकडे) नंबर, शेजारची गावं, पुराव्यांची यादी. भरायला एक दुपार पुरते. त्याच्या मागे जो गठ्ठा लावायचा असतो तो तयार व्हायला महिने जातात, आणि दावा टिकतो तो त्या गठ्ठ्यावर. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत असे दावे तयार करताना काय काय करावं लागतं आणि कुठे अडतं, ते लिहून ठेवतो आहोत. ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

कायद्याचं थोडक्यात. वनहक्क कायदा 2006 चा, लागू झाला 31 डिसेंबर 2007 ला, नियम 1 जानेवारी 2008 चे, आणि त्यात मोठी दुरुस्ती सप्टेंबर 2012 मध्ये झाली. जुन्या नियमांची पुस्तिका हातात घेऊन काम करू नका. नमुना क आणि पडताळणीचा नियम 12-अ 2012 च्या दुरुस्तीतच आले. वैयक्तिक दाव्याला 4 हेक्टरची मर्यादा आहे, सामूहिक वनसंसाधनाला अशी मर्यादा नाही. गावाच्या परंपरागत शिवेच्या आत जेवढं जंगल येतं तेवढं सगळं मागता येतं. ते राखीव असो, संरक्षित असो, अभयारण्यातलं असो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर मिळालं ते याच तरतुदीखाली. ही तरतूद म्हणजे कलम 3(1)(आय). हा आकडा आणि हे अक्षर पाठ करून ठेवा, पुढे हक्कपत्र वाचताना लागणार आहे.

पहिला प्रश्न: ग्रामसभा कुणाची? ग्रामपंचायतीत चार-पाच टोले, म्हणजे वेगळ्या वस्त्या, असतात आणि सगळ्यांची मिळून पंचायतीच्या ऑफिसात एक ग्रामसभा घ्यावी असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे लोक ज्याला गाव म्हणतात ते, मग तो वीस घरांचा टोला का असेना. टोल्याची शीव वेगळी, जंगल वेगळं, म्हणून दावाही वेगळा. पाच टोल्यांचा एकत्र दावा केला की कोरम भरत नाही, आणि भरला तरी पुढे कुठलं मोहाचं झाड कुणाचं यावर आपसातच भांडण लागतं.

कोरमचं गणित आधी करून ठेवावं. एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. यादीत 180 प्रौढ असतील तर 90 जण हवेत, त्यात 30 बाया. दाव्यावर ठराव घेताना आणखी एक अट आहे: दावेदारांपैकी, किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी, निम्मे तरी हजर असले पाहिजेत. मार्च-एप्रिलमध्ये सभा ठेवली तर पहाटेपासून अख्खं गाव मोह वेचायला जंगलात असतं, मेमध्ये तेंदूपत्त्यावर. तेव्हा कोरम होत नाही, आणि मग 'सह्या नंतर घेऊ' हा घातक मार्ग सुचतो. नंतर घेतलेल्या सह्या ओळखू येतात. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, मजुरीला परगावी गेलेल्या माणसाच्याही सह्या त्यात दिसतात. दावा कुणाला पाडायचाच असेल तर पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. त्यामुळे कोरम नसेल तर सभा तहकूब करा, तसं रजिस्टरात लिहा आणि पुढची तारीख घ्या. तहकुबीची ती नोंदही तुमच्याच बाजूने बोलते.

रजिस्टरात ठराव आणि सह्या शक्यतो सलग पानांवर असाव्यात. सुट्या कागदावर सह्या घेऊन टाचू नयेत. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि अंगठा कुणासमोर घेतला ते लिहावं.

वनहक्क समिती, म्हणजे दाव्याचं काम करायला ग्रामसभेने निवडलेली माणसं, 10 ते 15 जणांची. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. समितीत कोण घ्यावं याबद्दल आमचं मत पक्कं आहे: गुराखी, मोह-चारोळी वेचणाऱ्या बाया, देवाचं करणारा पुजारी आणि लिहिता येणारी एक-दोन तरुण मुलं. ज्यांची फक्त गावात पत आहे पण पाच वर्षांत जंगलात पाऊल पडलेलं नाही, ते शीव फिरताना उपयोगी पडत नाहीत. समिती निवडल्याचं उपविभागीय समितीला (दावे तपासणारी सरकारी समिती, तिच्या वर जिल्हा समिती) लेखी कळवायचं. इथूनच एक सवय लावून घ्या: प्रत्येक पत्राच्या दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसती सही म्हणजे पोच नव्हे. अर्धवट पोच घेतलेली पत्रं वर्षभराने 'आमच्याकडे आलीच नाहीत' म्हणून बाजूला पडतात, आणि तेव्हा गावाकडे दाखवायला काहीच नसतं.

समिती झाली की लगेच नोंदी मागवायच्या. नकाशे, मतदारयाद्या आणि इतर नोंदी ग्रामसभेला देणं ही उपविभागीय समितीची जबाबदारी आहे. लेखी मागितलं तर संबंधित कार्यालयाने साक्षांकित प्रत द्यायची असते. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायची गरज नाही. तो केला तर ग्रामसभा उगीच सामान्य अर्जदार होऊन बसते. मागायचं ते असं: गाव नकाशा, निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज, वनखात्याचा कंपार्टमेंट नकाशा आणि चालू वर्किंग प्लॅनमधली (वनखात्याचा जंगलकामाचा आराखडा) आपल्या कंपार्टमेंटची पानं. पूर्व विदर्भ जुन्या मध्य प्रांतात होता, म्हणून इथे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळण्याची शक्यता असते. जळाऊ लाकूड कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, बांबू-काटेरी कुठून घ्यायची, हे त्यात गावाच्या नावाने लिहिलेलं असतं. मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर त्यासाठी दावा अडवून धरू नका, पुराव्याचे बाकी मार्ग पुरेसे आहेत. मात्र मागणीच्या पत्राची पोच जोडा, म्हणजे 'कागदोपत्री पुरावा दिला नाही' हा आक्षेप तो घेणाऱ्याच्याच अंगावर येतो.

आता शीव. सगळ्या कामाचा कणा हाच आहे, आणि घाई होते तीही इथेच. कंपार्टमेंटचा नकाशा समोर ठेवून 'आपले हे सहा कंपार्टमेंट' असं ठरवण्याचा मोह होतो, कारण ते सोपं आहे. पण कंपार्टमेंट वनखात्याने तोडीच्या आणि व्यवस्थापनाच्या सोयीसाठी पाडले. गावाची शीव कुठे त्यांच्याशी जुळते, कुठे अर्धा कंपार्टमेंट कापून जाते. कंपार्टमेंटवरून शीव ठरवली की नेमके काठाचे तुकडे सुटतात, आणि पाणवठा, पेनठाणा (गोंडी देवाची जागा), पिढ्यान्‌पिढ्यांची चराई बहुधा त्या काठालाच असते. संयुक्त वन व्यवस्थापनात (गावाला सोबत घेऊन चालणारी वनखात्याची योजना) गावाला जेवढं क्षेत्र दिलं होतं तेवढंच मागणं ही त्याहून मोठी चूक. ते क्षेत्र खात्याने नेमून दिलेलं होतं, त्याचा परंपरेशी संबंध नाही.

शीव फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसात नाले ओलांडता येत नाहीत आणि गवत कमरेइतकं असतं. मार्चपासून लोक मोकळे नसतात. आठ-दहा जणांची टोळी पुरे, पण तिच्यात तीन पिढ्यांची माणसं हवीत. म्हाताऱ्यांना नावं माहीत असतात, मधल्यांना वाटा, आणि पोरांच्या हातात जीपीएस. दिवसाला पाच-सहा किलोमीटर झाले तरी खूप, कारण प्रत्येक खुणेवर थांबायचं असतं. घाईने जेवढं चालाल तेवढं पुन्हा चालावं लागतं.

खूण म्हणजे काय? नाल्यांचा संगम, टेकडीचा माथा, मोठा खडक, जुनं मोहाचं किंवा सालईचं झाड, मालगुजारीच्या काळातली बोडी, उठून गेलेल्या वस्तीचे चौथरे, स्मशान, देवाची जागा. प्रत्येक खुणेला गावात नाव असतं, बहुधा गोंडीत किंवा माडियात. तेच नाव लिहा. मराठी करून लिहिलं की पुढे पडताळणीत ती जागा गावातल्या म्हाताऱ्यालाही सापडत नाही. प्रत्येक खुणेवर जीपीएसचा बिंदू घ्या आणि एक फोटो काढा, त्यात गावातलं कुणी तरी उभं असू द्या. वहीत चार रकाने करा: बिंदू क्रमांक, खुणेचं नाव, अक्षांश-रेखांश, आणि इथून पुढे शीव कुठल्या खुणेकडे जाते.

मोबाइलचा जीपीएस दाट सागाखाली दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे दाखवतो. बिंदू घेण्याआधी एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहायचं, मोकळं आकाश जवळ असेल तर तिथे जाऊन घ्यायचं. अक्षांश-रेखांशाची पद्धत पहिल्या दिवशी ठरवा, दशांश अंशात की अंश-मिनिट-सेकंदात, आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. दोन पोरांनी दोन पद्धतींत घेतलेले बिंदू एकत्र केले की शीव शेजारच्या तालुक्यात जाऊन पडते, आणि चूक शोधायला आठवडा जातो. ट्रॅक चालू ठेवा, पण फक्त ट्रॅकवर विसंबू नका. मधेच बॅटरी संपते. रोज संध्याकाळी वहीवरून हाताने कच्चा नकाशा काढा. हाताने काढलेला, गावाच्या सह्यांचा नकाशा दाव्याला चालतो. उपग्रह चित्र पुराव्याला पूरक म्हणून घेता येतं, बाकी पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, असं नियमातच आहे. उलटही लक्षात ठेवा: चित्रात झाडी दाट दिसते म्हणून 'इथे गावाचा वापर नव्हता' असं म्हणता येत नाही.

शेजारच्या गावाला आधी कळवल्याशिवाय त्यांच्या बाजूची शीव चालू नका. बरेच दावे कार्यालयात नव्हे तर इथे, गावकुसाबाहेर अडतात. चांगला रस्ता म्हणजे त्यांच्या समितीला लेखी बोलावणं, तो भाग सोबत चालणं आणि तिथल्या तिथे दोन्ही समित्यांच्या सह्यांनी संमतीपत्र करणं. काही जंगल दोन्ही गावं वापरतात. दोन गावांचं डिंक वेचणं एकाच पट्ट्यात, किंवा एका गावाची गुरं दुसऱ्याच्या शिवेत पाण्यावर. त्याला जबरदस्तीने एका बाजूला ओढायचं कारण नाही. नमुना क मध्येच शेजारच्या गावांशी वाटून घेतलेल्या संसाधनाची माहिती लिहायला जागा आहे. वाद असेल तर दोन्ही वनहक्क समित्या एकत्र बसून आपापल्या ग्रामसभेला लेखी निष्कर्ष देतात. तरी नाही मिटला तर उपविभागीय समितीकडे जातो. वाद तिथपर्यंत गेला की निर्णयाला किती काळ लागेल सांगता येत नाही, म्हणून दोन बैठका जास्त झाल्या तरी गावातच मिटवावा.

झुडपी जंगलाकडे लक्ष द्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' म्हणून असलेली जमीन गावाच्या चराईची असते, आणि दावा करताना ती महसुलाची म्हणून सोडून दिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात ही जमीन वनजमीनच मानली. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत तर अवर्गीकृत आणि मानीव वनंही पहिल्यापासून आहेत. शिवेच्या आत असेल तर ती दाव्यात घ्या. गट क्रमांक वेगळे लिहा, कारण त्यांना कंपार्टमेंट नंबर नसतो.

पुरावे किमान दोन हवेत, आम्ही पाच-सहा जोडतो. मौखिक पुराव्यात एक बारकावा आहे. नियम म्हणतो, दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन. सामूहिक दाव्यात तर सगळं गाव दावेदार. म्हणून शेजारच्या गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची निवेदनं घ्यावीत: या गावची माणसं कुठल्या नाल्यापर्यंत येतात, कुठल्या डोंगरापलीकडे जात नाहीत. अशा निवेदनाचं वजन वेगळंच असतं. निवेदन 'आम्ही पूर्वापार जंगल वापरतो' इतकं मोघम नको. कुठून काय, कुठल्या महिन्यात, कशासाठी, असं हवं. बायांची निवेदनं वेगळी घ्या. कंदमुळं, भाज्या, झाडूचं गवत कुठे मिळतं हे पुरुषांना नेमकं सांगता येत नाही. गोत्राची देवस्थानं, पाणवठे, जुन्या वस्तीच्या खुणा, मासेमारीचे डोह हे सगळं नियम 13 मध्ये पुरावा म्हणून नावानिशी आहे.

गावात इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे अनुसूचित जमातीबाहेरची पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारी, कुटुंबं असतील तर प्रत्येकाचा 75 वर्षांचा पुरावा आणा असं सांगितलं जातं. तशी अट सामूहिक दाव्याला लागत नाही. सदस्यांच्या यादीत नावापुढे जमात की इतर वननिवासी एवढं लिहायचं, आणि गावात असे थोडे सदस्य असले तरी दावा करता येतो, हे नमुन्यातच छापलेलं आहे. त्या ओळीखाली रेघ मारून प्रत सोबत ठेवा.

मग जागेवरची पडताळणी. वन आणि महसूल खात्याला तारीख कळवायची. त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून पंचनाम्यावर पदासह सही आणि शेरा द्यायचा असतो. ते आले नाहीत तरी समितीने ठरल्या दिवशी पडताळणी पूर्ण करावी आणि गैरहजेरीची नोंद करावी. नंतर 'आम्ही नव्हतो' असा आक्षेप आला तर दावा एकदा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. नियम 12-अ मधली ही तरतूद फार मोलाची आहे, पण पहिल्या नोटिशीची पोच नसेल तर तिचा काही उपयोग होत नाही. कोऱ्या पंचनाम्यावर आधी सह्या देऊन ठेवायचं मात्र कुणीही कितीही आग्रह केला तरी करू नका.

समितीचा अहवाल ग्रामसभेत वाचून, कोरमसह ठराव घेऊन, पानांना क्रमांक घालून दावा उपविभागीय समितीकडे द्यायचा. अनुक्रमणिकेवरही पोच घ्या. पुढे कुठलं पान गहाळ झालं ते तिच्यावरून दाखवता येतं. स्वतःकडे पूर्ण झेरॉक्स ठेवा.

उपविभागीय आणि जिल्हा समितीतला काळ वाट पाहण्यात जातो. तिथे जपायची गोष्ट एकच: तोंडी त्रुटी स्वीकारू नका. दावा अपुरा वाटला तर समितीने तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा असतो, परस्पर नाकारायचा नसतो. नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो. तो मिळाल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांच्या मे 2020 च्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर दाद मागायची सोय झाली. कारणच न लिहिलेले नकार किती घातक असतात ते फेब्रुवारी 2019 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. नाकारलेल्या दाव्यांवरून लोकांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 तारखेला दिला आणि 28 तारखेला त्याला स्थगिती द्यावी लागली.

हक्कपत्र हातात आलं की समारंभात फोटो काढण्याआधी ते वाचा. चार गोष्टी तपासायच्या. ते जोडपत्र 4 मध्ये आहे का; जोडपत्र 3 हे वापराच्या सामूहिक हक्काचं, त्यात व्यवस्थापनाचा हक्क येत नाही. कलम 3(1)(आय) लिहिलंय का. नाव ग्रामसभेचं आहे की संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं किंवा ग्रामपंचायतीचं. आणि क्षेत्र व चतुःसीमा ठरावाशी जुळतात का. वर्किंग प्लॅनच्या अधीन राहून, वनखात्याच्या परवानगीने, अशा अटी खाली टंकलेल्या असतील तर त्यांना कायद्यात आधार नाही. दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. वर्षभर वापरलेल्या चुकीच्या हक्कपत्राची दुरुस्ती फार जड जाते.

दाव्यासाठी घाई करा असं आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यानंतर 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करताना वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्याकडे टाकलं, आणि वनसंवर्धन कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने, ती 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, काही वनजमिनी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या. प्रस्ताव आधी पुढे सरकतो, गावाला विचारणं मागाहून. अशा वेळी हातात नोंदलेलं हक्कपत्र असणं आणि नुसता प्रलंबित दावा असणं यात गावाच्या बाजूने फार मोठा फरक पडतो.

'नोंदलेलं' हा शब्द मुद्दाम वापरला. हक्कपत्र दिल्यावर तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वन दोन्ही खात्यांनी आपापल्या नोंदीत हा हक्क घ्यायचा असतो आणि अंतिम नकाशा करायचा असतो. हे आपोआप झालेलं आम्ही फारसं पाहिलेलं नाही. तलाठ्याकडे फेरफारासाठी आणि वनखात्याकडे कंपार्टमेंटच्या नोंदीसाठी वेगवेगळी पत्रं द्या. तोवर ग्रामसभेने नियम 4(1)(ई) खालची समिती नेमून घ्यावी. व्यवस्थापन आराखडा तीच करते, वाहतूक परवानाही तीच देते. गौण वनोपज, त्यात बांबू आणि तेंदू आले, ग्रामसभेचं आहे. गोळा करण्यावर स्वामित्वशुल्क नाही. मेंढ्याला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक 27 एप्रिल 2011 ला मिळालं, हक्कपत्रानंतर दीड वर्षाहून जास्त झगडून. 2012 च्या नियमांनी ते भांडण कागदावर तरी मिटवलं आहे.

पहिल्या हंगामात तेंदूने सुरुवात केली तर बांबूपेक्षा सोपं जातं, पण लिलावाची जाहिरात आणि करारनामा जानेवारीच्या आत व्हायला हवा, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी करायची असते. 70 पानांचा पुडा आणि 1,000 पुड्यांची प्रमाण गोणी, हे करारात लिहाच. मजुरी आणि ग्रामसभेची रक्कम असे दोन वेगळे आकडे ठेवा, ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय फळीवरून (पानं गोळा करायच्या जागेवरून) माल हलू देऊ नका, आणि वाहतूक परवान्याच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाची दुसरी प्रत गावात राहील असं पुस्तक छापून घ्या.